जिन्याखालची टाकी

लातूरच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर आठ मुली राहायच्या. सगळ्या क्लाससाठी आलेल्या, कुणी औशाची, कुणी हिमायतनगरची. त्यांच्या जिन्याखाली सासऱ्यांची जुनी विलायती मोटार उभी असायची. भूकंपाच्या साली घरात झोपायची हिंमत होत नव्हती, तेव्हा महिनाभर मी, हे आणि आमची तान्ही लेक त्या गाडीतच झोपलो होतो. त्यामुळे ती विकायचा विषय आमच्यात कधी निघालाच नाही.

पुढे काही वर्षांनी तिची पेट्रोलची टाकी गंजून गळायला लागली. एका दुपारी वरची एक मुलगी खाली येऊन म्हणाली, "काकू, जिन्यात लई वास येऊन राहिला." मी वाकून बघितलं. फरशीवर परातीएवढा ओला डाग, आणि वर पोरींनी चोरून चहाला वातीचा स्टोव्ह पेटवलेला. दोन-दोन पायऱ्या ओलांडत गेले आणि तो विझवला.

ह्यांनी टाकी सोडवून अंगणात ठेवली. तसली दुसरी मिळेल म्हणून नांदेडच्या भंगार बाजारात दोन खेपा केल्या. दोन्ही वेळेला हात हलवत परत आले. मग एका रविवारी वेल्डरलाच घरी घेऊन आले.

"दोन मिनटाचं काम हाय, वहिनी," तो नळी उलगडत म्हणाला.

"पण वास येतोय अजून."

"रिकामी आहे गं," हे म्हणाले. "इतके दिवस उन्हात होती."

"मग वास कशाचा?"

"तू आत जा बरं."

वेल्डरनं गॅस सोडला. सूं असा आवाज आला आणि मला काय झालं कुणास ठाऊक, पुढे जाऊन मी त्या टाकीवरच बसले. म्हणाले, "आता लावा." वर कठड्याशी मुली उभ्या होत्या. ह्यांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत मी त्यांचा शब्द असा कधी मोडला नव्हता. मी उठले नाही. शेवटी वेल्डरनं सामान आवरलं आणि निघून गेला. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, उदगीरला जाऊ." तिथं पत्र्याच्या धान्यकोठ्या करणारे एक म्हातारे चाचा होते. वासामुळे कंडक्टरनं टाकी एसटीत घेऊ दिली नाही. जीपच्या टपावर बांधून नेली.

चाचांनी टाकीच्या तोंडाला नाक लावलं आणि झटकन मागे सरले. आधी पेटलेली शेगडी उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली, मग बोलले.

"भाभी, भरलेली टाकी पेटते. रिकामी फुटते. आत वाफ राहती ना."

ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"जुनीला मी आग लावणार न्हाई," चाचा म्हणाले. "माप घेतो. नवी करू."

आठवड्यानं गेलो तर नवी टाकी तयार होती. चाचांनी तिची सगळी भोकं बंद केली, हौदात बुडवली आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. कोपऱ्यातून बुडबुडे आले. त्यांनी कोपरा पुसला आणि कथलाचा डाग देऊन सांधा पुन्हा बुजवला. परत बुडवली. या वेळी एकच बुडबुडा, अगदी सावकाश वर आला.

"एवढं चालतंय की," हे म्हणाले.

"पानी अडलं म्हणून पेट्रोल अडत न्हाई, साहेब."

तिसऱ्यांदा आम्ही तिघं हौदावर वाकून किती वेळ बघत होतो. पाणी हललं नाही.

मुली क्लासला गेल्या तेव्हाच ह्यांनी टाकी बसवली आणि पेट्रोल ओतलं. चौथ्या झटक्याला गाडी सुरू झाली. औशापर्यंत जाऊन आलो. तरी रोज उठल्यावर मी जिन्याखाली जाऊन फरशीवरून हात फिरवायची. एकदा ह्यांनी ते बघितलं. किल्ली घेतली आणि गाडी बाहेर कडुलिंबाखाली नेऊन लावली. रिकाम्या जागेत मुलींनी त्याच दिवशी सायकली उभ्या केल्या.