पारोसं तोंड

माझ्या आईच्या गालाच्या आतला चट्टा आम्हाला कळला तेव्हा तिला भाकरीचा घास गिळता येत नव्हता. बार्शीजवळच्या आमच्या गावातून तिला आधी बैलगाडीनं, मग एस.टी.नं मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, विझवली आणि म्हणाले, उशीर केलात. आई कशीबशी बोलली, "पर दुकत न्हवतं की." दिवाळीच्या आत ती गेली. ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

आई मिश्री लावायची. आमच्याकडं सगळ्याच बायका लावायच्या. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून गाळायची आणि डबीत भरायची. सकाळी बोटावर चिमूटभर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. घासून झालं तरी ती गालात धरून ठेवायची. बाईचं तोंड धुणं ते हेच.

लग्न होऊन मी सोलापुरात आले. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. यजमान भुसाराच्या दुकानात असायचे आणि घरात मी आणि सासूबाई. सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्यामुळं घरात कानडी-मराठीची मिसळ. सासूला आमच्याकडं 'अत्ती' म्हणतात. अत्तींचा घरात दरारा मोठा. नको असलं की त्या फक्त "ब्याड" म्हणायच्या, आणि मग यजमानसुद्धा ताटावरून गुपचूप उठायचे.

अत्तीही मिश्री लावायच्या, आणि ती भाजायचं काम सुनेचं. आठवड्यातून एकदा मी तवा चुलीवर ठेवायची आणि सगळं घर ठसकत बाहेर पळायचं. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आमच्या दारापुढच्या कट्ट्यावर गल्लीतल्या बायका डब्या घेऊन जमायच्या. बोटं तोंडात, गप्पा चालू. मी उंबऱ्यात उभी राहून त्यांच्या हलणाऱ्या गालांकडं बघायची आणि मला आईचा गाल दिसायचा.

एक दिवस नळावर कळलं की पलीकडच्या दवाखान्यात दर बुधवारी एक डॉक्टरीणबाई येतात. मिश्री-तंबाखूवाल्या बायकांची तोंडं तपासतात. दुखणं असायलाच पाहिजे असं नाही, चांगल्या तोंडानंही यायचं. मी घागर तशीच टाकून घरी आले आणि अत्तींना म्हटलं, येत्या बुधवारी आपण जायचं.

"कशाला? काय झालंय मला?"

"काही झालं नाही म्हणूनच जायचं."

"सुकाचा जीव दुक्कात घालायचा व्हय? हात दाकवून अवलक्षण! ब्याड."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा ब्याड. यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आईच्या तोंडात हात घालायची माझी छाती नाही." म्हणजे जे काही करायचं ते मलाच. माझा स्वभाव हट्टी आहे, माहेरी मला त्यावरून बोलणी बसायची, पण त्या दिवशी मला माझा हट्ट कामाचा वाटला. मी अत्तींपुढं तवा पालथा ठेवला आणि सांगितलं, "तुम्ही तोंड दाखवून येईपर्यंत मी मिश्री भाजणार नाही. चौकातनं विकतची आणली तर त्या दिवशी भाकरीही थापणार नाही."

सुनेनं सासूला असं बोलायचे दिवस ते नव्हते. अत्ती उठल्या, स्वतः तवा चढवला आणि तंबाखू भाजायला बसल्या. कितीतरी वर्षांनी हात लावलेला, सगळा जाळ केला. खोकून खोकून डोळ्यांतनं पाणी आलं, आणि जी मिश्री निघाली ती नुसती राख. कट्ट्यावर कुणी त्यांच्या डबीला हात लावेना. पुढं काही दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. निरोप सांगायचा झाला तर भिंतीला सांगायच्या, "कुणाला तरी सांगा, आमटीत मीठ न्हाई." मीही भिंतीलाच उत्तर द्यायची.

शेवटी भिंतच कंटाळली असावी. मंगळवारी जेवता जेवता अत्ती म्हणाल्या, "येकदाच येनार. पुन्ना नाव काडायचं न्हाई."

बुधवारी त्या पहाटेच उठल्या. पैठणी नाही, पण इरकल नेसल्या, विभूती लावली. आणि दवाखान्यात जायचं म्हणून उरलीसुरली सगळी डबी रिकामी करून, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ मिश्री घासली. मी भाकऱ्या बडवत होते, माझ्या लक्षातही आलं नाही. दवाखान्यात गेलो, तर बाकावर बायकांची रांग. अत्तींची पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी "आ करा" म्हणून बॅटरी मारली, चपट्या पट्टीनं गाल बाजूला केला आणि पट्टी खाली ठेवली.

"आजी, मिश्री लावून आलात?"

"तर! डॉक्टरीणबाईम्होरं पारोसं तोंड घिऊन यायचं व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. बाकावर बसलेल्या सगळ्या बायका तशाच मिश्री घासून आल्या होत्या. मोठ्या माणसाला तोंड दाखवायचं तर ते घासूनपुसून स्वच्छ नको का? त्या काळ्या लेपाखाली बाईंना कातडी दिसतच नव्हती. त्यांनी समजावलं, दोन दिवस मिश्री अजिबात लावू नका, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा आणि पुढच्या बुधवारी या. अत्तींचा चेहरा पडला. दोन दिवस पारोसं राहून मग परक्या बाईपुढं तोंड वासायचं, याच्यापेक्षा अंगावरचं लुगडं सोडायला सांगितलं असतं तर बरं, असं त्यांनी वाटेत मला ऐकवलं. मी म्हटलं, "अत्ती, माझी आई चांगली घासून-घासून मेली."

पुढचा सोमवार उजाडला. अत्तींनी मधल्या दिवसांत पुन्हा भरलेली डबी मी कमरेला खोचली. दुपारपर्यंत अत्तींचं डोकं ठणकायला लागलं. मंगळवारी परसाकडं होईना. मिश्रीवाचून होत नाही, हे त्यांनी सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं. मी बडीशेप दिली, लवंग दिली, गरम पाणी दिलं, शिव्या खाल्ल्या. कानडीतल्या काही शिव्या मला तोवर माहीतच नव्हत्या. संध्याकाळी शेजारची विणकरीण आली. तिच्या घरी माग होते, तेलुगू बोलणारी माणसं, बाई मोठी मायाळू. पदराच्या टोकाला मिश्रीची पुडी बांधून आली होती. "अम्मा, थोडी लाव. किती हाल करून घेतीस? माझं बघ, मला कधी काय झालं का?"

अत्तींनी हात पुढं केला. मी मध्ये उभी राहिले. कडक आवाजात म्हटलं, "मावशी, पुडी घेऊन जा. नाहीतर तुमच्या नवऱ्याला सांगते, तुम्ही माझ्या सासूला मारायला निघालाय." बाई फणकाऱ्यानं निघून गेली. अत्तींनी माझ्याकडं बघितलं आणि हात मागं घेतला. मग भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बॅटरी मारली. या वेळी बराच वेळ बघितलं. उजव्या गालाच्या आत बोट फिरवलं. मग मला बोलावून दाखवलं. डाळीएवढी पांढरी जागा, चुना वाळल्यासारखी.

"दुकत न्हाई की वो," अत्ती म्हणाल्या.

ते आईचंच वाक्य होतं. मी टेबलाची कड धरली आणि विचारलं, "बाई, उशीर झाला का?"

"नाही. हा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "पण चांगली कातडीही नाही. मिश्री सोडली तर जाईल बहुतेक. नाही सोडली तर काय होईल सांगता येत नाही. म्हणून सोडायची, आणि तीन महिन्यांनी मला दाखवायचं. मग पुन्हा तीन महिन्यांनी. वेळ आहे आपल्याकडं."

वेळ आहे. आईच्या वेळी हे दोन शब्द ऐकायला मी सगळं माहेर विकलं असतं. मी तिथंच रडायला लागले. अत्तींनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं, जणू तपासणी माझीच झाली होती.

आम्ही घरी परतलो. कट्ट्यावर बायका तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून सगळ्यांचे हात थांबले. "काय निगालं, अक्का?" कुणीतरी अत्तींना विचारलं. मी ठरवून टाकलं होतं की विचारलं तर "काही नाही" सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक पांढरा डाग म्हटलं की काय काय अर्थ काढतात, ते मला ठाऊक होतं.

अत्ती कट्ट्यावर बसल्या. हसतानासुद्धा तोंडाला पदर लावणारी बाई. तिनं भर उन्हात, रस्त्याकडं तोंड करून, बोट घालून गाल ओढला आणि आ केला. रस्त्यावरून सायकलवाले जात होते. बायका एकेक करून वाकून बघायला लागल्या.

"बगितलं? ह्यो डाग. मला ठावं न्हवता. दुकत न्हाई, खुपत न्हाई. तुमच्या बी तोंडात असंल, न्हाईतर नसंल. घासलेल्या तोंडात दिसत न्हाई त्यो. म्हनून सोमवार-मंगळवार मिसरी बंद. बुधवारी सगळ्यांनी माज्यासंगं चलायचं, पारोशा तोंडानं."

विणकरीण म्हणाली, "मी नाही येत बाई. मला काय होतंय?"

"मग तू माज्या कट्ट्यावर बसायचं न्हाई," अत्ती म्हणाल्या, आणि वर जोडलं, "ब्याड."

बुधवारी ती आली. आमच्याशी न बोलता, रांगेत सगळ्यात मागं उभी राहिली, नुसती कट्टा सुटू नये म्हणून. बाकीच्यांची तोंडं चांगली निघाली आणि त्या हसत घरी गेल्या. तिची पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला जीभ वर करायला लावून पुन्हा पुन्हा बॅटरी मारली. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, हिच्या घरी कोण आहे, बोलवा. त्याच आठवड्यात तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, कॅन्सर लागलेला जिभेखालचा तुकडा काढला आणि ती वाचली. पुढं कितीतरी वर्षं ती आमच्या कट्ट्यावर डाळ निवडत बसायची, थोडी बोबडी बोलायची. तिलाही काही दुखत नव्हतं.