गव्हाच्या वाडग्यातली अन्नपूर्णा

मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून हे वहीत लिहून ठेवते.

इंग्लंडात रीडिंगला मुलाकडे येऊन मला तेव्हा वर्ष होत आलं होतं. हे गेल्यावर सुहासने मला गावी एकटीला राहू दिलं नाही. त्याने आणि सुनेने, मानसीने, काही कमी केलं नाही, पण माझं मन देवात लागेना. उदबत्ती लावली की छताचा स्मोक अलार्म कोकलायचा आणि मानसी धावत येऊन टॉवेलने वारा घालायची. आधी उदबत्ती सुटली, मग हात जोडणंही सुटलं. लग्नात आईने दिलेली बोटाच्या पेराएवढी पितळी अन्नपूर्णा तेवढी वाटीतल्या तांदळात बसून असायची. आमच्याकडे तिला धान्यातच बसवतात. तिच्याकडे पाहिलं की वाटायचं, इतक्या लांब आल्यावर ही तरी मला ओळखते का?

मे महिन्यात सुहासने स्पेनमधल्या एका खेड्यात चार दिवस जायचं ठरवलं. "आई, देवी घरीच राहू दे हं. कुठे पडली तर सापडायची नाही," मानसी म्हणाली. मी मान हलवली आणि निघताना अन्नपूर्णा गुपचूप पदराच्या गाठीत बांधली. का, ते सांगता येत नाही. ज्याच्याशी अबोला आहे त्यालाही आपण कुलूपबंद घरात एकटं ठेवून जात नाही, तसंच काहीसं.

गाव पांढऱ्या घरांचं होतं आणि भोवती पिवळे पडत चाललेले गहू. आम्ही रोसाबाईंकडे उतरलो होतो. त्या माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच एकट्या. शेवटच्या दिवशी तिथल्या शेतकऱ्यांच्या संताचा सण होता. बैलांच्या शिंगांना रंगीत फिती बांधल्या होत्या. "आई, हा तर तुझा पोळाच. फक्त पुरणपोळी नाही," सुहास हसला. संताची लाकडी मूर्ती लोकांनी खांद्यावर घेऊन शेतांमधून फिरवली. मूर्तीच्या पायाशी इवलीशी बैलजोडी आणि नांगर होता. मानसीने कुणाला तरी विचारून सांगितलं, हा माणूस प्रार्थनेला बसायचा तेव्हा देवदूत त्याचा नांगर चालवायचे. ढोलाचा आवाज, उन्हात तरंगणारी धूळ, गव्हाचा वास. मी कुठल्या देशात चालते आहे तेच मला कळेनासं झालं.

मिरवणूक गावातल्या चर्चपाशी परतली, तेव्हा त्याच तंद्रीत मी दाराशी वाकून चपला काढल्या आणि आत गेले. दुसऱ्या कुणीच काढल्या नव्हत्या. बाहेर आले तर चपला नाहीत. पदराकडे हात गेला, तर गाठ सुटलेली.

शेतातच पडली असणार असं वाटून मी त्याच वाटेने अनवाणी परत गेले. मागून दोघं आली.

"आई, चपला कुठायत? आणि शोधतेस काय?" सुहासने विचारलं.

"गहू बघते."

"वाकून?"

मला एकटीला राहू द्या म्हटलं, तेव्हा दोघं मागे फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. दुपार कलली, डोळ्यांना पिवळ्याशिवाय काही दिसेना. शेवटी बांधावर बसले आणि वर्षभरात पहिल्यांदा हात जोडले. म्हटलं, "मी तुला हाक मारली नाही, तू तरी का मारावीस? इथे राहायचं तर राहा. धान्य तर भरपूर आहे."

मन हलकं झालं. किती वेळ बसले कोण जाणे. मान वर केली तर रोसाबाई येत होत्या, हातात माझ्या चपला. काहीतरी रागावून, काहीतरी हसून बोलत त्यांनी मला हाताला धरून चर्चमध्ये नेलं. मूर्ती परत जागेवर ठेवली होती. तिच्या पायाशी लाकडी वाडगा होता, वाडग्यात गहू, आणि गव्हात माझी अन्नपूर्णा बसलेली. रोसाबाईंनी खुणेने सांगितलं: मी चपला विसरले असं समजून त्यांनी त्या उचलल्या, तर शेजारीच ही पडलेली.

हिला धान्यात बसवतात हे त्यांना कुणी सांगितलं? विचारायला माझ्याकडे त्यांची भाषा नव्हती. त्यांनी दाण्यांना बोट लावलं. "त्रिगो." मी म्हटलं, "गहू." दोघी हसलो. मग माझ्या अनवाणी पायांकडे बघत त्यांनी आपलेही बूट काढले आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

दारात मानसी होती. मी रडतच सांगू लागले, "चुकलं माझं, तुला न सांगता..."

"आई, एअरपोर्टवरच बघितली होती मी गाठ."

"मग बोलली नाहीस?"

"वर्षभरात पहिल्यांदा तिला हातात घेतलं होतंत तुम्ही. काय बोलणार?"

रोसाबाईंनी दिलेले मूठभर गहू रीडिंगच्या वाटीत तांदळात मिसळले आहेत. उदबत्ती अजूनही लावत नाही, हात मात्र रोज जोडते. कुठे जायचं झालं तर अन्नपूर्णा बरोबर येते, मानसीच्या पर्समध्ये, नाहीतर माझ्या उघड्या तळहातावर. पदराला गाठ मात्र मी आता मारत नाही.