तलावाच्या समोर डावीकडे

हे मी हौसेनं लिहीत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर हवं तेवढं चाला, चढ-उतार बंद. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडातल्या तलावांची आमची वाट माझ्या डोक्यात आहे, कागदावर कुठेही नाही. दर हिवाळ्यात मी आणि माझी नणंद सुशीला ती चालतो. मी गेले नाही तर तीही जाणार नाही. म्हणून लिहिते आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनीही वाचावं, पण शेवटपर्यंत वाचावं. मध्येच सोडलंत तर चुकाल.

सुशीला अकोल्याला राहते. यजमान गेल्यापासून ती लग्नकार्यालासुद्धा बाहेर पडत नाही. ही एक वाट तेवढी तिनं सोडलेली नाही. मात्र इतकी वर्षं येऊनही तिला ती माहीत नाही. ती माझी पाठ पाहत चालते आणि बोलत राहते. मी फोनवर म्हटलं, पुढच्या वर्षीपासून मृण्मयीबरोबर जा. मृण्मयी माझी सून, पुण्याची, पायानं पक्की, सह्याद्रीतले गड चढलेली.

"तिच्यासंग?" सुशीला म्हणाली. "तिचं बोलनं मले समजत नाई, माहं तिले समजत नाई. दिवसभर काय मुक्यानं चालू?"

तेव्हा ठरवलं, डॉक्टर काही म्हणोत, या एका वेळी तिघींनी जायचं. सुशीला आदल्या दिवशी अर्ध्या तिकिटात एसटीनं अमरावतीला आमच्याकडे आली, आणि उजाडायच्या आत आम्ही गाडी काढली.

तुम्हीही तेवढ्याच लवकर निघा. चिखलदऱ्याला पोचायला दोन-अडीच तास लागतात, आणि गडात शिरायला उशीर झाला की संध्याकाळी परतताना घाई होते. परतवाड्यापर्यंत रस्ता सरळ आहे. तिथे नाश्ता करून घ्या, कारण वर सकाळी चहाशिवाय काही मिळेल याची खात्री नसते.

गाडी मृण्मयी चालवत होती. आमचं ठरलेलं हॉटेल आलं तशी सुशीला मागून म्हणाली, "समोर थांबव, बाई."

मृण्मयीनं तिथेच ब्रेक लावला, बरोबर हॉटेलच्या दारापुढे. मागच्या ट्रकचा हॉर्न कर्कश वाजला.

"अवो, इथं काहून थांबली? समोर म्हटलं न म्या!"

"समोरच तर थांबले, आत्या."

"हे पाय, मी काय म्हनून राहिली अन् हे काय करून राहिली," सुशीला मला म्हणाली. मी मृण्मयीलाच म्हटलं, गाडी चालवताना लक्ष ठेवावं. आलुबोंडे गरम होते, रस्सा तिखट होता.

घाट वळणावळणाचा आहे. थंडीत सकाळी धुकं असतं, दिवे लावून हळू जा. चिखलदऱ्यातून गडाच्या दरवाजापर्यंत गाडी जाते. आत जायची वेळ आणि बाहेर पडायची वेळ तिथेच विचारून घ्या, आणि पाळा. आत अस्वलांचा वावर आहे. एकटीनं जाऊ नका. पाणी सोबत घ्या, तलावाचं पिऊ नका. चपला घालून येणाऱ्यांना मी बरोबर घेत नाही. आमच्या डब्यात ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि बेसन, म्हणजे पिठलं, होतं. वानरं बघत असतात, तेव्हा डबा उघडायची जागा विचार करून निवडा.

वाट अवघड नाही, मध्यम आहे. दरवाजातून वर चढलं की पठार लागतं आणि पठारावर रान. भिंती, कमानी, तोफा सगळ्यांमध्ये झाडं घुसली आहेत. गडात तलाव बरेच आहेत आणि त्यांच्या नावांवर लोकांची भांडणं आहेत, म्हणून आम्ही नुसतं पहिला तलाव, मोठा तलाव असं म्हणतो. पहिला तलाव अचानक दिसतो. झाडी संपत नाही, फक्त खाली पाणी सुरू होतं. तिथे बोलणं आपोआप कमी होतं. सुशीलासुद्धा गप्प बसते, यावरून ओळखा.

तिथेच माझा गुडघा आखडला. बसले ती उठवेना. इथून मोठ्या तलावाला जायचं आणि दुसऱ्या वाटेनं फिरून परत इथेच यायचं, हा खरा फेरा आहे. मी मृण्मयीला म्हटलं, "तुम्ही दोघी जा. मोठ्या तलावाच्या समोर डावीकडे वाट फुटते. ती धरायची. तीच फिरून इथे येते."

"मोठ्या तलावासमोर डावीकडे," तिनं नीट म्हणून दाखवलं. मला बरं वाटलं.

सुशीला जाताना तीन वेळा मागे वळली. "वहिनी, तू ये न हळूहळू." मी नाही म्हटलं. आता तिच्यापुढे माझी पाठ नव्हती.

त्या यायच्या वेळी आल्या नाहीत. नंतरही बराच वेळ आल्या नाहीत. पाण्यावरचं ऊन सरकत पलीकडच्या काठावर गेलं. फोनला रेंज नव्हती. वाट दाखवणारीच्या गळ्यात असते ती शिटी मी जोरात वाजवली, वानरं ओरडली, बाकी काही नाही. झाडाला धरून उठले. मला वाटलं, संपलं हे. सुशीला आता घराबाहेर पडायची नाही, आणि ते माझ्यामुळे.

मग हसणं ऐकू आलं. सुशीलाचं. ते बरोबर त्या बाजूनं येत होतं जिकडून यायला हवं होतं.

दोघींच्या साड्या-कपड्यांना कुसळं चिकटली होती. मृण्मयीच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आई, मी तलावासमोरच वळले हो. तलावाकडे तोंड करून उभी राहिले आणि डावीकडे गेले. वाट होती, पण ती घाणेरीच्या झुडपांत शिरून तटाशी जाऊन संपली."

"तलावाच्या समोर म्हणजे तलाव मागे टाकून! पुढे!" मी म्हटलं.

"ते मला तटाशी कळलं. परतवाड्याचा ट्रक आठवला. मी आत्यांना विचारलं, समोर म्हणजे नक्की कुठे?"

"मी म्हटलं, समोर म्हंजे समोर!" सुशीला हसत खाली बसली. "त हे म्हने, आत्या, तोंडानं नका सांगू, हात करून दाखवा. मंग मी हात केला. माघारी फिरलो, तलाव टाकला, अन् वाट निघाली की! वहिनी, त्या वाटेवर एक पडकी कमान हाये, तुले मालूम हाये का?"

मला माहीत होती. ती कमान दर वर्षी लागते. सुशीलानं ती पहिल्यांदाच पाहिली होती.

भाकरी तिथेच खाल्ली. परतताना मी सर्वांत मागे होते. पुढे दोघींचं चाललं होतं. "पोट्टे, समोर दगड हाये." "माझ्या समोर की तुमच्या समोर?" दरवाजापर्यंत हाच खेळ. गावात रबडी घेतली. ती चुकवू नका, पत्र्याच्या टपरीवर मिळते तीच खा.

घरी आल्यावर वाट लिहायला बसले आणि पहिल्यांदा 'समोर' आला तिथेच थांबले. आयुष्यभर मी हा शब्द बरोबर वापरला, आणि पुण्याच्या माणसानंही बरोबरच वापरला. तेव्हा वाचणाऱ्यांसाठी: मोठा तलाव ओलांडून पुढे जा, पाणी पाठीमागे गेलं की डावीकडे वळा. तलावाकडे तोंड करून वळू नका. माझ्या गुडघ्याला त्या दिवसाचा राग अजून आहे. तलाव मला परत दिसणार नाही, हेही आहे. ते मी मान्य केलं आहे, आवडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुशीला अकोल्याच्या बसमध्ये चढली आणि खिडकीतून मृण्मयीला म्हणाली, "समोरच्या वर्षी लवकर निघू. गाडीत गाणे नको लावू." मृण्मयीनं नुसतं हो म्हटलं. समोरचं वर्ष म्हणजे कोणतं, हे तिनं विचारलं नाही.

नोंद: शिटी, दोरीसह, अमरावती बसस्थानकावर मृण्मयीच्या हाती दिली. सुशीलाच्या देखत.