राणीचा हसरा फोटो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, आमच्या गटात नाही, शेवंतालाही नाही. आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्हाला सांगते, कारण ते पत्रक कदाचित तुमच्याही हातात पडलं असेल. मुलुंड स्टेशनबाहेर, घाटकोपरच्या बाजारात आम्ही ते गठ्ठ्यांनी वाटलं. वर एका चिंपांझी मादीचा फोटो – सगळे दात दाखवत हसतेय, एक हात कपाळाला. खाली माझं वाक्य: 'इथे तिला कुणी हुकूम देत नाही.'

मी पत्रकांवरच वाढले. बाबा गिरणीत होते. संपाच्या काळात विक्रोळीच्या आमच्या खोलीत पत्रकांना जागा होती, माणसांना नव्हती. आई गठ्ठ्यावर ताट ठेवून वाढायची. खोटं छापतात ते मालक, आपण नाही – हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

राणी आणि बंड्या हे दोघे चिंपांझी एका बंद पडलेल्या सर्कशीतून सोडवून आणलेले. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या दगडखाणीच्या कडेला प्राण्यांसाठी एक आसरा होता, तिथे त्यांना ठेवलं होतं. दोन मोठे पिंजरे, मध्ये जाळी घातलेलं आवार, आवारात एक उंबर. त्यांच्यासोबत पत्र्याची एक ट्रंक आली होती: झालरीचे फ्रॉक, चिमुकली सायकल आणि रिंगमास्तरची पितळी शिट्टी. शिट्टी मी मागून घेतली. सर्कशीतल्या जनावरांसाठी आमचा गट चौकसभा घ्यायचा; तिथे मी ती उंच धरायची, 'या शिट्टीवर त्यांना नाचवलं!' म्हणायची आणि वाजवायची. जाणारे थांबायचे. एरवी ती माझ्या शबनम पिशवीत पडून असायची.

गेले होते एका लेखासाठी, पण मग जातच राहिले. का? त्या दोघांकडे बघत राहावंसं वाटायचं, म्हणून. सकाळी शेवंता त्यांना नाचणीची पेज द्यायची. ही मालवणकडची बाई, नवरा भांडुपला कारखान्यात; दोघा जनावरांचं सगळं तीच बघायची. बंड्या पेज संपवून वाडगा डोक्यावर पालथा घालायचा आणि कुणी बघतंय का ते बघायचा. राणी पेरू लगेच खायची नाही, पायाच्या बोटांत धरून बसायची – जणू तो पळून जाणार होता. दुपारी दोघं एकमेकांच्या पाठीवरचे केस चिवडत बसायची, ओठ पुढे काढून. आमच्या चाळीतल्या बायका उवा बघताना काढतात अगदी तसे.

आणि संध्याकाळी, ऊन डोंगरामागे गेलं की राणी अंथरूण घालायची. रोज नवं. गोणपाटं, उंबराच्या डहाळ्या, माझी चुकीची छापली गेलेली पत्रकं – सगळं गोल रचायची, मध्ये बसून कडा आत वळवायची, आडवी होऊन बघायची, मनासारखं नसलं की उठून पुन्हा. सर्कशीच्या पिंजऱ्यात हे तिला कुणी शिकवलं असेल? की फार लहानपणी आईच्या कुशीत पाहिलेलं तिला आठवत होतं? – आणि एवढं आठवत असेल, तर सर्कस?

हा प्रश्न मला सोडेना. लक्षात ठेवा, हा प्रश्न फोटोच्या आधीचा आहे.

आणखी एक. ती दोघं हसायची. बंड्या राणीच्या काखेत बोटं खुपसायचा, तिचा खालचा ओठ लोंबायचा, वरचे दात झाकलेलेच, आणि स्टोव्हला पंप मारल्यासारखा आवाज यायचा – हॅ, हॅ, हॅ. शेवंता म्हणायची, "दमो आसा तिका." मी तासन्‌तास बघितलं होतं. तो दमा नव्हता. राणी हसते कशी, हे मला नीट ठाऊक होतं.

तरीही.

पत्रकासाठी फोटो हवा होता. आमच्या गटातला दिनू कॅमेरा घेऊन आला. शेवंता पेरू आणायला मंडईत गेली होती. राणी त्याच्याकडे पाठ करून बसली, मग वळली ती जांभई देत.

"यार, हिला हसव ना," दिनू म्हणाला. "एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलीय. या फोटोवर कोण पत्रक घेणार? वाट लागेल आपली."

मी पिशवीत हात घातला. पत्रकासाठी? तसं म्हणता येईल, आणि स्वतःशी मी तसंच म्हणत आले. पण हात गेला तेव्हा मनात पत्रक नव्हतं. मला बघायचं होतं.

मी शिट्टी वाजवली.

राणी उठली. दोन पायांवर, ताठ, एवढी ताठ मी तिला कधी पाहिली नव्हती. हात कपाळाला गेला. ओठ मागे ओढले गेले आणि सगळे दात दिसले, वरचे, खालचे, हिरड्यांसकट. आवाज काहीच नाही. बंड्या धावत येऊन तिच्या पायाला चिकटला. तिच्या मांडीवरून मुताची धार खाली आली.

"झकास!" दिनू म्हणाला. त्याचा डोळा कॅमेऱ्याला होता, त्याला फक्त दात दिसले.

दुसऱ्या दिवशी शेवंताने मला फाटकातच गाठलं. "काल काय झाला गो? राणीन हातरूण घातल्यान नाय. कोपऱ्यात भुयवर बसान रवली रातभर."

मी म्हटलं, "काही नाही झालं. आम्ही होतो तेव्हा तर शांत होती."

राणी अंथरूण घालीना. शेवंता कारण शोधत राहिली. पेज बदलली. लाल लुगडं सोडून पांढुरकं नेसली. एके दिवशी पाहिलं, तर तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या. नवरा असलेली बाई, कोकणातली – तिने हिरव्या बांगड्या उतरवून डब्यात ठेवल्या होत्या. "माझ्याच बांगड्यांच्या आवाजाक भियाली असतली," म्हणाली. सासू बोलली, शेजारणी बोलल्या, तिने ऐकून घेतलं. आणि मी? बांगड्या म्हणजे बेड्या, असं मी लिहीत असे. मी तिला शाबासकी दिली.

पत्रक छापून आलं तेव्हा तिने ते दोन्ही हातांत धरलं. खूप वेळ बघितलं.

"किती माणसासारखी हसता," ती म्हणाली. "माका बघून कधी अशी हसली नाय गो."

मग मी आले की राणी उठून उभी राहू लागली. पिशवीकडे बघत, हात कपाळाला, दात उघडे. शेवंताचा चेहरा उजळायचा. "बघ, तुका बघल्यार हसता! तू रोज येत जा, बाय. तूच बरी करशीत तिका."

मी जायचं बंद केलं. मीटिंगा आहेत, असा निरोप पाठवला. शिट्टी मात्र सभांमधून वाजवत राहिले. गर्दी थांबत राहिली.

राणीने पुन्हा अंथरूण घातलं की नाही, मला माहीत नाही. शेवंताच्या हातांत पुन्हा बांगड्या आल्या की नाही, तेही.

एवढ्यावर थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, पोरीला कल्पना नव्हती, बघायला गेली आणि फसली. पण दिनूने तेव्हा कॅमेरा खाली केला आणि म्हणाला, "हलला गं बहुतेक. अजून एक?" राणी तशीच उभी होती, पाय ओले. बंड्याने तिची मांडी घट्ट धरली होती. आता मला काहीच बघायचं उरलं नव्हतं, सगळं बघून झालं होतं.

मी पुन्हा वाजवली. पत्रकावर छापलाय, तो हा दुसरा फोटो.