सोजरबाईंची साक्ष

सकाळी संभाजीनगरच्या बसस्थानकावर पोहोचलो, तेव्हा पिशोरची गाडी नुकतीच सुटली होती. तिथल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत रविवारचं प्रवचन करायला मी पुण्याहून निघालो होतो. पुढच्या गाडीत बोलण्याच्या नादात एक फाटा अलीकडेच उतरलो. मग कपाशीच्या कडेनं, अद्रकच्या (आल्याच्या) वाफ्यांमधून पायी निघालो. डावीकडे निळसर डोंगर. बुटांत माती गेली, तरी मन प्रसन्न होतं. सांगायचं काय ते चालता चालता जुळवत होतो.

उपासना दाऊदभाऊंच्या पत्र्याच्या पडवीत होती. ते मंडळीचे वडील (प्रमुख), शेती करतात. त्यांच्या पत्नी रूथताईंनी "सलाम, भाऊ" म्हणत पाय धुवायला पाणी दिलं.

गाणी झाली, साक्ष (देवाच्या कृपेचे अनुभव सांगणं) सुरू झाली. विटक्या लुगड्यातली एक बाई उठली. पदर सारखा करत म्हणाली, "माझा मालक गेला. पन मी प्रार्थनेला बसले का त्यो येतो. शेजारी बसतो. मंग भ्या वाटत नाय. प्रभूची लई दया."

कोणी काही म्हणायच्या आत मी उठलो. "ही बाई सांगते ते शास्त्राला धरून नाही. मेलेली माणसं अशी येत नाहीत. असल्या समजुती घेऊन प्रभूच्या घरात यायचं नसतं." मी आणखी बरंच बोललो, दाखले दिले. ती तोवर उभीच होती. मग हळूच खाली बसली. शेवटच्या प्रार्थनेनंतर डोळे उघडले, तर तिची जागा रिकामी होती.

जेवायला बाजरीची भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी होती. माणसं पांगल्यावर दाऊदभाऊ म्हणाले, "भाऊ, तुमी बोललात ते खरंय. आमीबी तिला सांगणारच होतो. हळूहळू."

"मालक गेल्यापासून सोजर इथं येती," रूथताई म्हणाल्या. "भिंतीला टेकून बसायची, तोंडातून शब्द नाय. आज पहिल्यांदा उभी राहिली."

ती दोघं रागावली असती तर बरं वाटलं असतं. ताईंनी आणखी आमटी वाढली.

"मला तिच्याकडं न्या," मी म्हणालो.

रूथताई मला घेऊन निघाल्या. गावाबाहेर माळावर तिचं खोपट, शेजारी मेंढ्यांचा वाडा. ती कोकराला पाजत होती. मी माफी मागितली, आणि लगेच पुन्हा शिकवण काय आहे तेही सांगू लागलो.

"तुमी म्हनता ते आसंल," ती कोकराकडं बघतच म्हणाली. "पन मंडळीत समदे मला सोजरबहीण म्हनत्यात. तुमी 'ही बाई' म्हनलात. सासरी मला असंच म्हनत्यात."

रूथताई तिच्याजवळ मातीत बसल्या. "सोजर, तुझ्याशेजारी कुनीतरी बसतं, हे मला पटतं. पन तो प्रभूच आसंल, बघ. मी संगं राहीन म्हनून त्यानंच तर सांगितलंय."

सोजरबाईंनी कोकरावरची नजर उचलली. "प्रभू? माझ्याशेजारी?"

"व्हय."

"अगं बया! मंग त्याला मी मालकाच्या नावानं हाका मारल्या की. राग आला आसंल त्याला?"

"नाय गं. ओ दिली आसंल त्यानं."

सोजरबाई हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मग दोघींनी तिथंच प्रार्थना केली. मला कोणी बोलावलं नाही. मी वाड्याच्या काट्यांपाशी मान खाली घालून उभा राहिलो.

पुण्यात सगळ्यांनी विचारलं, प्रवचन कसं झालं? मी अद्रकचे मळे आणि डोंगर यांच्याबद्दलच बोलत राहिलो. बाकीचं सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून इथं लिहिलं. परतीच्या गाडीत एक गोष्ट ध्यानात आली होती. माळावर मी माफी मागितली खरी, पण तिला बहीण म्हणून हाक तेव्हाही मारली नव्हती.