गोरखच्या वाट्याचा गूळ

गोरक्षनाथ माझ्या खोलीत राहायला आला, त्या पहिल्याच आठवड्यात मी त्याच्याशी भांडलो. त्याच्या कपड्यांना तंबाखूचा वास यायचा आणि त्या वासानं मला शिंका सुटायच्या. संगमनेरच्या कॉलेजात तो सायन्सला होता, मी आर्ट्सला. तो पठारावरच्या एका कोरडवाहू गावचा. पहाटे उठून एका बिडीवाल्याच्या वखारीत तंबाखू चाळायला जायचा आणि तिथून अंग झटकून थेट कॉलेजात. दुसरी खोली बघ, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बगतो." नंतर ना त्यानं बघितली, ना मी पुन्हा विचारलं. शिंकायचाही माणसाला कंटाळा येतो.

त्याचा दिवस बघूनच मी दमायचो. पहाटे वखार, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी पुस्तक पोटावर उघडं ठेवून झोप. त्याची आई सकाळच्या एसटीनं भाकरीचा डबा पाठवायची. कंडक्टर ओळखीचा होता. पण डबा यायचा तेव्हा गोरख कामावर, म्हणून स्टँडवरून डबा उचलून वखारीच्या दारात नेऊन द्यायचं काम माझ्याकडे लागलं. त्या बदल्यात मला त्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा मिळायचा, तेव्हा तक्रार करायला तोंड नव्हतं.

अशी मला ती वखार माहीत झाली. लांबट खोली, खिडक्या पक्क्या बंद. आत बायाबाप्ये चाळण्या हलवत बसलेले, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, आणि धूळ इतकी की समोरचा माणूस डोळ्यांवरून ओळखावा लागायचा. खिडक्या बंद का, तर वारा आला की माल उडतो. मजुरी चाळलेल्या मालाच्या वजनावर, त्यामुळे मालकाला वारा नको होता आणि मजुरांनाही नको होता. काम सुटलं की दिवाणजी दारात पाट टाकून बसायचे आणि प्रत्येकाच्या हातावर गुळाचा एक खडा ठेवायचे. गूळ खाल्ला की घशातली धूळ पोटात उतरते आणि पोटातून निघून जाते, असा तिथला ठाम समज होता. लोक तो खडा प्रसादासारखा घ्यायचे आणि तिथंच तोंडात टाकायचे.

गोरख टाकायचा नाही. तो खडा कागदात गुंडाळून खिशात घालायचा आणि खोलीवर आला की डालड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. तो डबा रविवारचा.

रविवारी आम्ही चौघं दोस्त बाहेर पडायचो. कधी प्रवरेच्या डोहात पोहायला, कधी बाळेश्वरला, आणि बहुतेक वेळा पेमगिरीच्या किल्ल्यावर. गोरख आठवडाभर मेल्यासारखा असायचा, पण डोंगर दिसला की त्याच्या पायांत कुठून बळ यायचं कोण जाणे. सगळ्यांच्या आधी माथ्यावर जाऊन बसायचा आणि वरून आम्हाला शिव्या घालायचा. मग डबा उघडायचा. गूळ आणि भाजलेल्या शेंगा. चढताना आमचा जीव मेटाकुटीला आला की आम्ही एकमेकांना सांगायचो, चला, वर गोरखचा गूळ आहे. तो गूळ वाटताना त्याचा चेहरा सावकारासारखा व्हायचा. एरवी त्याच्यापाशी वाटण्यासारखं होतं काय?

बांगलादेशच्या लढाईचा तो हिवाळा. पेमगिरीच्या अर्ध्या चढावर गोरख खाली बसला. म्हणाला, "व्हा पुढं, आलोच." आम्ही वर जाऊन वाट बघितली. आला नाही. खाली उतरलो तर तो तिथंच, गुडघ्यांवर हात टेकून बसलेला, आणि छातीतून बारीक शिटीसारखा आवाज. मला आधी वाटलं, सोंग करतोय. मग त्याचे निळे पडलेले ओठ बघितले आणि आम्ही त्याला धरून खाली उतरवलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि काम काय करतोस ते विचारलं. म्हणाले, "आधी ते सोड. नाहीतर हा दम कायमचा लागेल."

सोड म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? त्याचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. वडिलांनी आधीच सांगितलं होतं की डबा पाठवू, बाकीचं तुझं तू बघ. वखार सुटली की कॉलेज सुटलं, आणि वखार धरली तर छाती जाणार. गोरखनं तिसरी वाट काढली. वरच्या झरोक्यात धूळ बाहेर ओढणारा पंखा बसवायचा. तंबाखू जड, तो खाली चाळणीत राहील, धूळ हलकी, ती वर जाईल. हे त्यानं मला दोन पेले उपडे घालून समजावलं. मला पेल्यांचं काही कळलं नाही, पण त्याचं म्हणणं पटलं.

ज्या दिवशी तो बोलला त्या दिवशी मी डबा घेऊन दारातच उभा होतो. गूळ वाटणं चाललं होतं. गोरखची पाळी आली तेव्हा त्यानं हात पुढं केला नाही.

"दिवाणजी, पंखा बसवा. डॉक्टर म्हणतो ही धूळ छातीत बसती."

"त्यासाठीच तर गूळ देतो ना आपण?"

"गूळ जातो पोटात. धूळ जाती छातीत. दोन्हीच्या वाटा येगळ्या हायेत. गुळानं काय बी व्हत न्हाई."

रांगेतले लोक ऐकायला पुढं सरकले. त्या गर्दीनं गोरख बावरला असावा, कारण पुढचं तो घाईघाईनं बोलून गेला. "मी वरीसभर गूळ खाल्ला न्हाई. तुमी रोज खाता. तरी खोकतो आपन सारखंच का न्हाई?"

मला वाटलं, बिनतोड! आता दिवाणजींची बोलती बंद. पण चाळणीवर सगळ्यांत जुनी असलेली कडूबाई पुढं झाली. तिचा शब्द तिथं चालायचा. ती स्वतः दर वाक्याला खोकायची आणि वय झालं म्हणायची. तिनं कपाळावर हात मारला.

"वरीसभर न्हाई खाल्ला? आरं लेकरा, मग खोकशील न्हाई तर काय करशील?"

"अन् मावशी, तुमी का खोकता?"

"मी म्हातारी हाय. तू कशापायी खोकतो?"

दिवाणजी हसले. "ऐकलंत? आम्ही औषध द्यायचं आणि यानं ठेवून द्यायचं. काय केलंस रे त्या गुळाचं?"

खोटं बोलायला काय झालं होतं? पण नाही. म्हणाला, "रविवारी डोंगरावर दोस्तांना वाटला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. डबा हातात घेऊन उभा असलेला मी त्यांना चांगलाच गुळानं पोसलेला दिसलो असणार.

मग मागून कुणीतरी म्हणालं, पंखा नको, माल उडंल, गूळ मातर वाढवा. दिवाणजींनी विचार केल्यासारखं केलं आणि उद्यापासून प्रत्येकाला दोन खडे असं जाहीर केलं. लोक खूश झाले. गोरखनं आपला खडा घेतला आणि बाहेर आला.

वाटेत मी त्या लोकांच्या नावानं खूप बोटं मोडली. तो म्हणाला, "त्यांना नको बोलू. पंखा म्हंजी वजन कमी, असं वाटतं त्यांना. मला बी पह्यलं तसंच वाटल्तं." रागवायलाही त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. परीक्षा होईपर्यंत तसंच काम करायचं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून कडूबाई त्याच्यासमोर उभी राहू लागली. त्यानं गूळ तोंडात टाकल्याशिवाय हलायची नाही. आणि वर आपल्या वाट्याचे दोन्ही खडे त्याच्या खिशात कोंबायची. "वरसाचा राह्यलाय, भरून काढ." गोरख नको नको म्हणाला तर तिनं त्याला दारातच झापलं. ती स्वतः त्या दिवसापासून बिनगुळाची. रोजचा खडा बंद झाला तर आपण आडवं पडू, असं ती आधी सगळ्यांना सांगत असे, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही पुन्हा पेमगिरीला गेलो. गोरख पायथ्याच्या मोठ्या वडाखाली बसला. म्हणाला, मी हितंच थांबतो. आम्हीही जरा टेकलो. त्यानं डालड्याचा डबा काढला तेव्हा सवयीनं आमचे तिघांचे हात पुढं गेले.

त्यानं डबा मागं ओढला. "ह्यो कडूबाईचा हाय."

"अरे, यानं काही होत नाही, तूच म्हणतोस ना?" मी म्हणालो.

"मला म्हाईत हाय. तिला कुठं म्हाईत हाय?" तो धाप लागल्यासारखा थांबला. "तिच्या हिशोबानं ती रोज माझ्यासाठी थोडी थोडी मरती. अन् तो मी तुमाला वाटू?"

एकेक खडा तोंडात टाकून तो नीट चावून खाऊ लागला. मधेच खोकला आला तेव्हा तोंडावर हात धरून थांबला, एक कणही बाहेर पडू दिला नाही, आणि मग पुन्हा चावू लागला. मला तिथं बसवेना. आम्ही तिघं वर गेलो. टाक्यातलं पाणी प्यालो आणि लगेच उतरलो.