डावीकडचं पाखरू

कानांचा सण जवळ आला की हुसुंग म्हाताऱ्याच्या अंगणात आया आपापली पोरं घेऊन येऊ लागत. सणाच्या दिवशी फांदीला टांगलेल्या सांबराच्या कानावर बाण मारायचा मान काय, कडेवरच्या पोरालाही मिळतो. बाप हात धरतो, बाण हातभर अंतरावरून सुटतो आणि नाही लागला तर पुन्हा मारतात. तो सगळा लाडाचा भाग. पण त्या सणासाठी मांस आणायला टोळी डोंगरात जाते, तिच्याबरोबर कुठलं पोर जाणार हे हुसुंग ठरवायचा. तिथे लाड नव्हते.

म्हातारा पोराला समोर उभं करी, अंगणातून चार चकरा मारायला लावी, सुपारीचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेई आणि निकाल देई.

"ह्याला घरी ठेव. चालताना दगड लाथाडतोय. आपण येतोय म्हणून डुकराला आधी निरोप धाडायचाय का?"

"पण हुदास, अंगानं केवढा थोराड झालाय!" आई म्हणे. आजोबाला आमच्यात हुदास म्हणतात, आणि हुसुंग साऱ्या गावाचाच हुदास होता.

"रेडाही थोराड असतो. त्याला नेतो का मी?"

दुसऱ्या एका पोराबद्दल तो म्हणाला होता, "दुसरा पडला की हा हसतो. हसू दे, मीही हसतो. पण हा पडायच्या आधी हसतो. म्हणजे पाय ह्यानंच आडवा घातलेला असतो." त्या पोराची आई वर्षभर म्हाताऱ्याशी बोलली नाही. पण त्याला डावलून आपलं पोर डोंगरात धाडायची हिंमत तिनेही केली नाही. कारण एकदा पोर टोळीत गेलं की मांसाचा वाटा त्याला मोठ्यांच्या बरोबरीने मिळतो, आणि मग त्याचा शब्दही मोठ्यांच्या बरोबरीने धरावा लागतो. पोर म्हणालं की झुडपामागे माणूस आहे, तर बंदूक खाली करायची. पोर म्हणालं दरड हलली, तर पळायचं. म्हणून हुसुंग म्हणायचा, "दमलेलं पोर पाठीवर घेता येतं. खोटं पोर कुणाच्या पाठीवर द्यायचं?"

हा म्हातारा टोळीचा म्होरक्या होता. घरीच घडवलेल्या बंदुकीत दारू ठासून, ती उजव्या गालाशी धरून त्याने आयुष्यभर डुकरं मारली होती. त्यांचे जबडे ओसरीच्या वाशाला ओळीने टांगलेले असत, आणि वारा सुटला की सासरी भांडून आलेल्या मुलींसारखे कुरकुरत. रविवारी तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. पाद्रीबाबा सांगायचे की स्वप्नं, शिंका आणि पाखरांचे शकुन ही सगळी जुनी खुळं आहेत. हुसुंग मान डोलवायचा. पाद्रीबाबा स्वतः टोळीबरोबर निघाले आणि दारात शिंकले, तर गुपचूप घरी जाऊन बूट काढायचे. शिंकलेल्या माणसाने डोंगर चढायचा नाही, हे त्यांच्या आईने त्यांना बायबलच्या आधी शिकवलं होतं.

शिंक आणि स्वप्न ज्याचं त्याला कळतं. पाखराचं तसं नाही. शेवटच्या बाजरीच्या शेतापलीकडे ओढा आहे. टोळी तिथे थांबते. म्होरक्या एकटा, फार तर नव्या पोराला घेऊन, वरच्या खडकावर जाऊन बसतो आणि ऐकतो. एक करडं, मुठीत मावेल एवढं पाखरू आहे. ते उजवीकडून बोललं तर वर जायचं. डावीकडून बोललं तर बंदूक खांद्याला अडकवून आल्या वाटेनं घरी, मग भले कुत्री रडोत. खाली ओढ्याच्या खळखळाटात बाकीच्यांना काही ऐकू येत नाही. ते सुपारी चघळत म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

अलीकडे काही वर्षं पाखरू कायम उजवीकडेच बोलत होतं. म्हणजे, तोबरा संपेपर्यंत हुसुंग खडकावर बसायचा, काहीच ऐकू यायचं नाही, आणि डावीकडून काही आलं नाही म्हणजे उजवं धरायला हरकत नाही, असं म्हणून खाली यायचा. पाखरं कमी झालीत, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. सरकारने रस्ता केल्यापासून ती पलीकडच्या खोऱ्यात गेलीत, हेही तो सगळ्यांना ठासून सांगायचा. पलीकडच्या खोऱ्यातली माणसं ऐकून गोंधळायची.

ह्या हुसुंगच्या मुलाला, अझिमानला, पहिला मुलगा झाला, तेव्हा रीतीप्रमाणे त्याला आजोबाचंच नाव मिळालं. त्यामुळे घरात दोन हुसुंग. सून लांगुई ओरडली, "हुसुंग, अंघोळीला चल!" की दोघेही परसातून पसार व्हायचे. नाव एक म्हणजे नशीब एक, असं आमच्यात मानतात. म्हाताऱ्याचा त्या पोरावर जीव होता. म्हणूनच त्याने त्याला इतरांपेक्षा जास्त पिदडलं. उताणं पाडलं, पावसात बसवलं, सशाचा फास दहादा सोडवून दहादा लावायला सांगितला. पोराची एकच तक्रार असायची, "हुदास, कधी नेणार?"

नेलं एकदाचं. धाकटा हुसुंग आठ वर्षांचा होता. ओढ्यापाशी टोळी थांबली आणि आजा-नातू खडकावर जाऊन बसले. तोबरा अर्धा झाला नाही तोच पोराने म्हाताऱ्याचं कोपर धरलं.

"हुदास, डावीकडे."

"काय डावीकडे?"

"पाखरू."

म्हाताऱ्याने ऐकलं. वारा होता. पानं होती. पाखरू नव्हतं.

"नीट ऐक," तो म्हणाला.

"परत बोललं! आत्ता! हुदास, परत जायचं ना आपण?"

पोराचा चेहरा पांढरा पडला होता. म्हाताऱ्याला त्या चेहऱ्यात भीती दिसली. पाय दुखत असतील, आईची आठवण आली असेल, तेही एक वेळ चालेल. पण घरी जाण्यासाठी पाखराचं नाव घ्यायचं? आणि तेही ह्याने, ज्याच्या अंगावर आपलं नाव आहे? त्याने पोराला दंडाला धरून खाली आणलं आणि सगळ्यांपुढे उभं केलं.

"ह्या बहाद्दराचे पाय दुखले, तर ह्यानं तोंडातून पाखरू काढलं. डावीकडे बोललं म्हणे!"

हुसुंगचा चुलतभाऊ ताहाई टोळीत दुसरा. त्याला हसायला तेवढंच हवं होतं. "अरे वा! पोटातून बोललं की काय? रताळी जास्त झाली असतील!"

सगळे हसले. अझिमानही हसला, कारण बाप हसत होता. पोराला तिथूनच परत पाठवलं. खालच्या शेतात लांगुई बाजरी निंदत होती. तिने पोराला एकटंच उतरताना पाहिलं आणि खुरपं खाली ठेवलं. पोर येऊन तिच्या शेजारी निंदायला बसलं. टोळी वर गेली, दोन भेकरं घेऊन आली, आणि मग तर पोर खोटं होतं ह्यात शंकाच उरली नाही. गावातली पोरं त्याला 'डावं पाखरू' म्हणू लागली. वाट्याच्या वेळी भेकराची फऱ्याची हाडं तुरीच्या दाण्यांबरोबर शिजली, पण धाकट्या हुसुंगने पानाला हात लावला नाही. म्हातारा म्हणाला, "रुसू दे. खोटं पचायला वेळ लागतो."

ती बाजरी कापून झाली आणि एका सकाळी म्हातारा ओसरीत फास वळत बसला होता. पोर शेजारी दोरीचं टोक धरून होतं. कुंपणाच्या खांबावर तेच करडं पाखरू येऊन बसलं. इतकं जवळ, की पंखावरची धूळ दिसावी.

म्हातारा खूश झाला. "बघ, हे ते. खरं पाखरू असं असतं. पण गप्प का बसलंय रे?"

पोराने पाखराकडे पाहिलं. मग आजोबाकडे पाहिलं, बराच वेळ.

"झोप आली असेल त्याला," ते म्हणालं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून म्हाताऱ्याची बायको पुनी ओरडली. तिचा आवाज असा, की खोऱ्यापलीकडची कोंबडी खुराड्यात शिरावी. "अरे, हाकला रे ते पाखरू! उजाडल्यापासून डोकं उठवलंय मेल्यानं!"

मग म्हाताऱ्याने नीट पाहिलं. पाखराची चोच उघडत होती, मिटत होती. गळ्याची पिसं थरथरत होती. शेपटी दर वेळी वर उडत होती. आणि आवाज नव्हता. काहीच नव्हतं.

पोर खाली मान घालून दोरी सोडवत होतं.

दुपारी पोर बाहेर गेल्यावर पुनी म्हाताऱ्यासमोर येऊन बसली आणि ओरडूनच बोलली. तिला वर्षानुवर्षं ओरडायची सवय का लागली होती, ते म्हाताऱ्याला त्या दिवशी कळलं.

"कळलं ना आता?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"मी चुलीपाशी बसून तुला 'मेल्या, थेरड्या' म्हणते, आणि तू म्हणतोस 'हो, आण'. मला माहीत नसेल?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तू 'हो, आण' म्हणालास."

म्हातारा हसला नाही. पुनी पुढे सरकली. "पोराला जवळ घे. म्हण, तू खरं बोललास. टोळीलाही सांग."

"आणि म्होरक्या कोण होणार? ताहाई? त्याला उजवं-डावं जेवतानाही कळत नाही."

"त्याला ऐकू येतं."

यावर हुसुंगने बहिरा असल्याचं सोंग केलं. ते त्याला आता सोपं होतं.

पण म्हातारा काही दगड नव्हता. वर्षभर तो मनात एक बेत घोळवत राहिला, आणि बेत त्याला फार सुंदर वाटत होता. ह्या वर्षी पोराला खडकावर न्यायचं. ते डावं म्हणालं तर डावं. खाली जाऊन सांगायचं की मी ऐकलं, परत फिरा. पोराला कळेल की हुदासने आपला शब्द धरला. कबुली द्यायला नको, माफी मागायला नको. पोर त्याचे कान होईल, तो पोराचा म्होरक्या राहील, आणि एकाच नावाच्या दोन माणसांत मिळून एक पुरता शिकारी होईल. बोलायची गरजच काय?

सण आला. टोळी ओढ्यापाशी थांबली. ताहाईने टोमणा मारला, "काय रे डाव्या पाखरा, ह्या वेळी रताळी बेतानं खाल्लीस ना?" सगळे हसले. पोरही हसलं, अगदी मोठ्यांसारखं, तोंडाच्या एका बाजूने.

दोघे खडकावर बसले. पोर वर्षात उंच झालं होतं. चढताना त्याच्या पायाखाली खडा सरकला नव्हता. म्हातारा खोऱ्याकडे बघत नव्हता. तो पोराच्या चेहऱ्याकडे बघत होता. आणि त्याने पाहिलं. पोराची हनुवटी किंचित डावीकडे वळली. डोळे तिकडे गेले, थांबले, परत आले. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"काही ऐकलंस?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याने मुद्दाम मऊ आवाजात विचारलं. त्याला वाटलं, आता म्हणेल. म्हण रे बाबा.

"नाही, हुदास."

"नीट ऐक. घाई नाही."

"नाही. काही नाही."

पोराने हे इतक्या साध्या, थंड आवाजात सांगितलं, की ज्याने पाहिलं नसतं त्याला संशयही आला नसता. म्हाताऱ्याला ओरडावंसं वाटलं, की मी पाहिलंय, डावीकडे होतं. पण मग पोर विचारणार, तुम्हाला कसं कळलं? खाली कुत्री साखळ्या ओढत होती. ताहाई मान वर करून बघत होता. म्हाताऱ्याने उरलेला तोबरा थुंकला, उठला आणि उतरला.

"उजवीकडे," तो म्हणाला. "चला. आणि पोर आपल्याबरोबर येतंय. तयार झालंय."

अझिमानने पोराच्या पाठीवर थाप मारली.

त्या दिवशी काहीही वाईट झालं नाही. कुणाचा पाय मुरगळला नाही, कुत्रं हरवलं नाही, बंदूक फुटली नाही. उलट वरच्या खिंडीत असं रानडुक्कर मिळालं, की चौघांना ते आलटून पालटून वाहावं लागलं. चालताना हुसुंग मनात देवाशी आणि पाखराशी एकदमच भांडत होता. कुणाला साधा ओरखडा उठला असता तरी त्याला त्यावर बोट ठेवून म्हणता आलं असतं, बघा, माझं चुकलं. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

गावात वाटे पडले. धाकट्या हुसुंगचा वाटा मोठ्यांच्या बरोबरीचा होता. त्याने तो केळीच्या पानात घेऊन आईच्या हातात दिला, आणि लांगुई पदराने डोळे पुसत सगळ्यांना दाखवत सुटली. ताहाई म्हणाला, "दादा, पोर ओळखावं तर तूच. गेल्या वर्षी तू त्याला परत धाडलंस, म्हणून आज सरळ झालं." दोन आया लगेच आपापली पोरं पुढे ढकलू लागल्या. म्हातारा म्हणाला, नंतर.

तो पोराला शोधत परसात गेला. पोर दगडावर बसून आपल्या सुरीचं रक्त राखेनं घासत होतं. म्हातारा शेजारी बसला. बसायला त्याला हल्ली वेळ लागे.

"खडकावर," तो म्हणाला, "डावीकडे कुठं होतं ते? झाडीत, का खाली दगडांत?"

पोराने हात थांबवला नाही.

"काय कुठं होतं?"

"पाखरू रे."

"काही नव्हतं, हुदास. तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

म्हाताऱ्याने दगडावर सांडलेली राख बोटाने गोळा केली.

"नाही," तो म्हणाला.

"मग नव्हतंच," पोर म्हणालं, आणि सुरी उलटी करून दुसरी बाजू घासू लागलं.